वचन आपल्या शब्दांत : लग्नविधीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी होती. लग्न ठरले आहे, तारीखही ठरली आहे, परंतु प्रत्यक्ष विधी कसा व्हावा, त्यात आपले स्वतःचे काही असावे का आणि असले तर ते कोठे असावे, असे ही पत्रे विचारतात. पोशाख, सजावट आणि छायाचित्रे यांबद्दल सल्ला देणारे पुष्कळ आहेत; म्हणून या वेळी फक्त विधीबद्दलचे, म्हणजे दोन माणसे चारचौघांसमोर उभी राहून एकमेकांना स्वीकारतात त्या थोड्या वेळाबद्दलचे प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा विधी दुसऱ्या कोणाच्या विधीची नक्कल वाटू नये, अशी आम्हां दोघांची इच्छा आहे. ज्यांना विचारावे ते मंचाची सजावट, प्रवेशाच्या वेळचे संगीत आणि रंगसंगती एवढेच सुचवतात. हे सारे केले तरी विधी आमचा होईल असे मनाला पटत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपल्याला जे पटत नाही ते न पटणेच योग्य आहे. सजावट पाहणाऱ्यांसाठी असते आणि तिची हौस असेल तर ती अवश्य करावी, पण तिने विधीचा अर्थ तसूभरही बदलत नाही. कोणत्याही धर्मातला किंवा धर्माबाहेरचा विवाहविधी पाहिला, तर त्याच्या गाभ्याशी त्याच त्या थोड्या गोष्टी सापडतात : आपण येथे कशासाठी जमलो आहोत हे कोणीतरी सांगते, दोघे आपली संमती उघडपणे देतात, काही वचन किंवा करार होतो आणि जमलेली माणसे त्याला साक्षी राहतात. निकाहात प्रस्ताव आणि स्वीकार साक्षीदारांसमोर होतात. ज्यू विवाहात ‘केतुबा’ नावाच्या करारपत्रावर साक्षीदार सह्या करतात आणि तो मोठ्याने वाचला जातो. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विवाहात तर लग्न लावणारा पुरोहितच नसतो. शांत बसलेल्या सभेत दोघे उभे राहून आपले वचन उच्चारतात आणि शेवटी तेथे हजर असलेला प्रत्येक जण विवाहपत्रावर सही करतो. याउलट ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरागत विधीत वधूवर एकमेकांना वचने उच्चारून देत नाहीत, त्यांच्या मस्तकांवर मुकुट ठेवले जातात आणि तेवढी कृतीच सारे काही सांगते. म्हणजे बोललेच पाहिजे असेही नाही.

तेव्हा सुरुवात या गाभ्यापासून करावी. दोघांनी वेगवेगळे बसून काही प्रश्नांची उत्तरे लिहावीत : लग्नानंतर आपल्या आयुष्यात नेमके काय बदलणार आहे, त्या क्षणी कोणती माणसे जवळ असावीत असे वाटते, आणि घरच्या रूढ विधीतील कोणते वाक्य आपण मनापासून म्हणू शकतो व कोणते म्हणताना जीभ अडखळेल. मग कागद एकमेकांना वाचायला द्यावेत. जे वाक्य दोघांनाही खरे वाटते ते कितीही जुने असले आणि हजारो लग्नांत म्हटले गेलेले असले तरी ठेवावे. जे खरे वाटत नाही तेवढेच बदलावे. नवेपणा आणि आपलेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यातला प्रत्येक शब्द दोघेही खरेपणाने उच्चारू शकतात तो विधी आपला, असे मी मानते, आणि खालची बहुतेक उत्तरे याच कसोटीवर लिहिली आहेत.

प्रश्न : आम्ही एकमेकांना द्यायची वचने स्वतः लिहिणार आहोत. मला लिहिण्याची आवड आहे. माझ्या होणाऱ्या पतीला मात्र चार लोकांसमोर मनातले बोलण्याची धास्ती वाटते आणि कागद समोर घेतला की त्याला काही सुचत नाही. माझे वचन लांबलचक आणि त्याचे दोन ओळींचे झाले तर ते विचित्र दिसेल. वचन चांगले कसे लिहावे?

उत्तर : प्रथम एक फरक ध्यानात घ्यावा, कारण बहुतेकांची वचने तेथेच फसतात. प्रेमाचे भाषण आणि वचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भेट कशी झाली, तो किती समजूतदार आहे, त्याच्यामुळे आयुष्य कसे बदलले, हे सारे भूतकाळाबद्दल आणि त्याच्या गुणांबद्दल झाले. ते एक-दोन वाक्यांत यावे, त्याने ऐकणाऱ्यांना आपण दोघे कळता. वचन मात्र भविष्यकाळात असते आणि त्याचा कर्ता ‘मी’ असतो. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याला विचारून पाहावे की हे मी पाळले किंवा मोडले, हे दहा वर्षांनी कोणाला सांगता येईल का. ‘मी तुला सदैव सुखी ठेवीन’ हे वाक्य गोड आहे, पण ते कोणाच्याही हातात नाही. ‘तुझ्याशी भांडण झाले तरी तुझ्याबद्दलची तक्रार मी तुझ्याआधी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही’ हे वाक्य साधे आहे, पण ते पाळता येते, मोडल्यास कळते, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडते. भावनांचे वचन देऊ नये, वागण्याचे द्यावे. इंग्लंडच्या चर्चने 1549 साली इंग्रजीत आणलेल्या विवाहविधीतले वचन आज पावणेपाचशेहून अधिक वर्षे टिकून आहे, त्याचे एक कारण मला असे दिसते की त्यात सुखाची वर्णने नाहीत. बऱ्या दिवसांत आणि वाईट दिवसांत, श्रीमंतीत आणि गरिबीत, आजारात आणि आरोग्यात, अशी प्रत्यक्ष येऊ शकणारी परिस्थिती एकेक नाव घेऊन त्यात मांडली आहे.

आता समतोलाबद्दल. मजकूर एकमेकांपासून गुप्त ठेवायचा असेल तर ठेवावा, परंतु आराखडा आधीच एकत्र ठरवावा : साधारण किती शब्द, किती वचने, विनोद असावा की नसावा, एकमेकांना कोणत्या नावाने हाक मारायची. सावकाश बोलताना एका मिनिटात शंभराच्या आसपास शब्द होतात, म्हणून प्रत्येकी दीडशे ते दोनशे शब्द पुरेसे आहेत. दोन मिनिटांपलीकडे गेलेले वचन भाषणासारखे वाटू लागते. दोन्ही मजकूर एखाद्या विश्वासू व्यक्तीला आधी वाचायला द्यावेत, म्हणजे एकाचे गंभीर आणि दुसऱ्याचे थट्टेचे, असे होत असेल तर ती सांभाळून घेईल. फक्त तुम्हा दोघांनाच कळणारा उल्लेख एखादा असला तर चालेल. त्याहून अधिक झाले की जमलेले साक्षीदार परके होऊन बसतात.

ज्यांना बोलण्याची धास्ती वाटते त्यांच्यावर स्वतंत्र मजकुराची सक्ती करू नये. याला चांगले पर्याय आहेत. दोघांनी मिळून एकच वचन लिहावे आणि एकेक ओळ आळीपाळीने म्हणावी. किंवा तीच वचने प्रश्नाच्या रूपात लग्न लावणाऱ्या व्यक्तीने विचारावीत आणि दोघांनी ‘होय, हे माझे वचन आहे’ एवढेच म्हणावे. प्रश्न तुम्हीच लिहिलेले असल्यामुळे आपलेपणा तिळभरही उणा होत नाही. त्याला जे अधिक सांगायचे असेल ते त्याने पत्रात लिहावे आणि विधीच्या आधी तुमच्या हाती द्यावे. प्रत्येक खरी गोष्ट सभेसमोरच बोलली पाहिजे, असा दंडक कोठेही नाही. सुचत नसेल तर त्याला लिहायला सांगण्याऐवजी प्रश्न विचारावेत (मी आजारी पडले तर तू काय करशील, आपले पटले नाही तर काय करशील) आणि तो जे सहज बोलेल ते तसेच टिपून घ्यावे; त्यातून दोन-तीन वाक्ये हमखास निघतात. अंतिम मजकूर कागदावर, मोठ्या अक्षरांत, दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडून लिहावा. मोबाइलवरून वाचू नये : पडदा विझतो, मध्येच संदेश येतात, आणि वाचणाऱ्याचा चेहरा समोरच्या माणसाऐवजी यंत्राकडे वळतो.

प्रश्न : विधीत आम्ही बरेच बदल करणार आहोत. काही नातेवाईक म्हणतात की असे केल्यास लग्न कायदेशीर ठरणार नाही. कायद्याला नेमके काय लागते?

उत्तर : नातेवाइकांची शंका उडवून लावण्यासारखी नाही. कायद्याला जे लागते ते बहुधा फार थोडे असते, पण ते थोडे चुकले तर बाकीचा सोहळा कितीही सुंदर झाला तरी उपयोग नाही. शिवाय ते देशादेशांत वेगळे आहे. फ्रान्समध्ये 1792 पासून फक्त नागरी विवाहच कायद्याच्या दृष्टीने विवाह होय. तो आधी व्हावा लागतो, धार्मिक विधी नंतर, आणि नागरी विधीत अधिकारी पतिपत्नींच्या कर्तव्यांविषयीची नागरी संहितेतील कलमे वाचून दाखवतो. परस्परांचा आदर, निष्ठा, मदत आणि आधार या चारांचा उच्चार करणारे कलम त्यांत येतेच. इंग्लंडमधील नागरी विवाहात ठरावीक आशयाची जाहीर निवेदने दोन साक्षीदारांसमोर उच्चारावी लागतात, आणि त्या विधीत धार्मिक प्रार्थना घेता येत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मात्र लग्न लावणाऱ्या व्यक्तीशिवाय, केवळ दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होणाऱ्या विवाहाचा परवाना मिळतो. त्याचे मूळ वर सांगितलेल्या क्वेकरांच्या पद्धतीत आहे.

भारतात मार्ग मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी व्हावा लागतो, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. रूढीत जो विधी आवश्यक आहे तो गाळून केवळ नोंदणीचे प्रमाणपत्र घेतले तर त्याने विवाह झाला असे ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. म्हणून या कायद्याखाली लग्न करणाऱ्यांनी विधीत भर हवी तेवढी घालावी, पण आवश्यक अंगाला हात लावण्यापूर्वी जाणकार वकिलाला विचारावे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली मोकळीक पुष्कळ आहे. तेथे तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि मग दोघांना हव्या त्या पद्धतीने विवाह करता येतो. अट एवढीच की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर, दोघांना समजणाऱ्या भाषेत, मी या व्यक्तीला माझी कायदेशीर पत्नी किंवा माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारतो वा स्वीकारते, अशा आशयाचे वाक्य प्रत्येकाने उच्चारले पाहिजे. हे वाक्य शुष्क वाटते खरे. पण स्वतःच्या वचनांनंतर लगेच ते आले की साऱ्या सभेला त्याचे वजन कळते, म्हणून ते कार्यालयीन उपचार समजून घाईने उरकू नये.

ज्यांना हा सारा गुंता नको असेल त्यांनी कायदेशीर विवाह आधी शांतपणे करावा आणि मोठा सोहळा नंतर पूर्णपणे आपल्या मनाप्रमाणे करावा. यात लपवण्यासारखे काही नाही. फक्त लग्नाचा वाढदिवस कोणता, हे दोघांनी आधी ठरवलेले बरे.

प्रश्न : आमच्या घरच्या विधीत मुलगी ‘दिली’ जाते. मी कमावती आहे, स्वतःच्या निर्णयाने लग्न करते आहे, आणि माझ्या वडिलांवर माझे अतिशय प्रेम आहे. मला कोणी देऊ नये असे वाटते, पण वडिलांना विधीतून वगळावे असे मात्र मुळीच वाटत नाही.

उत्तर : आपला प्रश्न जुना आहे आणि फार चांगल्या माणसांनी तो आपल्या लग्नाच्या दिवशीच सोडवला आहे. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1851 मध्ये हॅरिएट टेलर यांच्याशी विवाह करताना लेखी निवेदन केले, की कायदा पतीला पत्नीवर आणि तिच्या मालमत्तेवर जे अधिकार देतो ते आपल्याला मान्य नाहीत आणि ते आपण कधीही वापरणार नाही. चार वर्षांनी, 1855 मध्ये, अमेरिकेत स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या लूसी स्टोन आणि त्यांचे पती हेन्री ब्लॅकवेल यांनी अशाच आशयाचा निषेध आपल्या विवाहविधीतच वाचून दाखवला. लग्न लावणाऱ्या धर्मोपदेशकाने तो इतरांनीही अनुकरण करावे म्हणून वर्तमानपत्राकडे पाठवला, आणि लूसी स्टोन यांनी आपले नाव अखेरपर्यंत बदलले नाही. आपल्याकडे सत्यशोधक समाजाची स्थापना होऊन तीनच महिने झाले असताना, 25 डिसेंबर 1873 रोजी, सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह भटजीवाचून झाला. जोतीराव फुले यांनी अशा विवाहांसाठी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आपल्या अधिकारांविषयी वराला स्पष्ट विचारते आणि वर तिला वचन देतो. इंग्लंडच्या चर्चमधील वधूच्या वचनातला ‘आज्ञा पाळीन’ हा शब्द गाळण्याची सोय 1928 च्या सुधारित विधीने केली. त्यानंतरही राजकन्या एलिझाबेथ यांनी 1947 मध्ये तो उच्चारला आणि डायना यांनी 1981 मध्ये गाळला. दोन्ही वेळा चर्च तेच होते.

आता आपल्याबद्दल. देणे काढून टाकले की वडिलांसाठी जागा उरणार नाही, ही भीती आपल्या पत्रात दिसते, आणि ती निराधार आहे. त्यांना देण्याऐवजी काही म्हणायला सांगावे. दोन्हीकडच्या आईवडिलांना, चौघांनाही, लग्न लावणाऱ्या व्यक्तीने विचारावे की आपल्या मुलांनी निवडलेल्या या सोबतीला आपला आशीर्वाद आहे का, आणि चौघांनी आपापल्या शब्दांत उत्तर द्यावे. आत येताना वडिलांच्या हातात हात घालून यायचे असेल तर यावे, आईलाही दुसऱ्या बाजूला घ्यावे, आणि वरानेही तसेच यावे. यात वडिलांचा मान कमी होत नाही. उलट, आजवर जे मूकपणे उभे राहून पार पाडायचे ते त्यांना स्वतःच्या तोंडाने बोलायला मिळते. मात्र हे त्यांना विधीच्या आधी पुरेसे दिवस, निवांत बसून आणि आपण एकटीने सांगावे. अनेक वडिलांनी हा क्षण मुलगी लहान असल्यापासून मनात पाहिलेला असतो, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात त्यांना दुखावल्यासारखे वाटले तर तो त्यांचा विरोध समजू नये.

प्रश्न : आमचे वडीलधारे म्हणतात, ‘पिढ्यान् पिढ्या चालत आलेले बदलणारे तुम्ही कोण?’ यावर काय उत्तर द्यावे?

उत्तर : वादात उत्तर देऊ नये. प्रश्न विचारावा. ‘विधीतले काय नसले तर तुम्हांला लग्न झाल्यासारखे वाटणार नाही?’ असे प्रत्येकाला वेगवेगळे विचारून पाहावे. ‘सगळे जसेच्या तसे हवे’ असे म्हणणारे माणूसही विचार करून बहुधा एक-दोनच गोष्टी सांगते, आणि त्या बहुतेक वेळा आपल्याला ज्या खटकतात त्या नसतात. तेवढ्या ठेवाव्यात, त्या ज्याने सांगितल्या त्याच्याच हातून करून घ्याव्यात, आणि बाकीच्या बदलांना त्यांची संमती मागावी. मला हा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कोणाची समजूत ‘काढायची’ नसते.

एवढे मात्र माहीत असावे की जे अनादि वाटते ते नेहमीच तसे नसते. पाश्चात्त्य लग्नातला पांढरा पोशाख रूढ झाला तो प्रामुख्याने राणी व्हिक्टोरिया यांनी 1840 मध्ये आपल्या लग्नात तो निवडल्यानंतर, आणि जगभर वाजणारी जर्मन संगीतकार मेंडेल्सोन यांची विवाहधून 1842 मध्ये एका नाटकासाठी रचली गेली व 1858 मध्ये व्हिक्टोरियांच्या थोरल्या कन्येच्या लग्नात वाजल्यावर लोकप्रिय झाली. दोन स्त्रियांची वैयक्तिक आवड पुढे साऱ्यांची परंपरा झाली. ही माहिती वडीलधाऱ्यांना ऐकवण्यासाठी दिलेली नाही. आपण काही पाप करत नाही एवढा धीर आपल्याला यावा म्हणून दिली आहे.

प्रश्न : माझी आई गेल्या वर्षी वारली. तिची आठवण विधीत असावी असे वाटते, पण आनंदाच्या प्रसंगी सगळ्यांना रडवावे असे वाटत नाही. काय योग्य होईल?

उत्तर : आपल्या आईची आठवण त्या दिवशी सगळ्यांनाच येणार आहे. तिचे नाव घेतले नाही तर ती उणीव अधिक जाणवते, म्हणून नाव घ्यावे, पण लवकर आणि थोडक्यात घ्यावे. विधीच्या आरंभी, स्वागताच्या शब्दांतच, लग्न लावणाऱ्या व्यक्तीने एक-दोन वाक्यांत तिचा उल्लेख करावा, आणि तो तिच्या जाण्याबद्दल नसावा, असण्याबद्दल असावा : ती काय म्हणत असे, कशावर तिचा जीव होता, या लग्नातली कोणती गोष्ट तिला पाहायला आवडली असती. स्वतः आपण हे वाक्य बोलण्याचे ठरवू नये; आवाज फुटला नाही तर पुढची वचने कठीण होतील. वचनाच्या अगोदर मौन ठेवणेही टाळावे. मौन हवेच असेल तर सुरुवातीलाच, अगदी थोडा वेळ.

याखेरीज एखादी न बोलता होणारी गोष्ट असू द्यावी. तिचा एखादा दागिना किंवा वस्त्राचा तुकडा अंगावर असावा, वचनाचा कागद तिच्या पेनाने लिहावा, किंवा तिच्या हस्ताक्षरातली एखादी ओळ त्या कागदाच्या मागे चिकटवावी. हे कोणाला सांगण्याची गरज नाही. रिकामी खुर्ची आणि तिच्यावर छायाचित्र ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. काहींना तिने आधार मिळतो, पण समोरची खुर्ची पूर्ण विधीभर नजरेसमोर राहते, याचा विचार करून मगच ठरवावे. आणि वडिलांना आधी सांगावे. त्यांना हा उल्लेख तेथे, सर्वांसमोर, अचानक ऐकायला मिळू नये.

प्रश्न : आमचे लग्न आमच्या एका जवळच्या मैत्रिणीने लावावे असे वाटते. तिने हे काम कधी केलेले नाही. तिला काय सांगावे?

उत्तर : कायदेशीर अधिकार तिला आहे का, हे आधी पाहावे. अमेरिकेतल्या काही राज्यांत एका दिवसापुरता तो मिळू शकतो आणि स्कॉटलंडमध्ये मानवतावादी, म्हणजे धर्माबाहेरच्या, संस्थांच्या वतीने लग्न लावणाऱ्या अधिकृत व्यक्तींना 2005 पासून तो आहे, परंतु पुष्कळ देशांत मैत्रिणीने लावलेल्या विधीला कायदेशीर बळ नसते. तसे असल्यास कायद्याचा भाग अधिकाऱ्यासमोर करून घ्यावा, बाकीचा विधी तिच्याकडे सोपवावा.

तिला सांगण्यासारखे बरेच आहे, पण महत्त्वाचे असे की हा तिचा कार्यक्रम नाही. तिने दोघांना वेगवेगळे भेटून तेच प्रश्न विचारावेत आणि त्या उत्तरांतून पाच-सात मिनिटांचे निवेदन लिहावे. ज्याच्याशी तिची जुनी ओळख आहे त्याच्याबद्दल नकळत जास्त आणि दुसऱ्याबद्दल कमी बोलले जाते, हा मैत्रिणींनी लावलेल्या विधीतला नेहमीचा दोष. तो टाळण्यासाठी तिने दोघांवरची वाक्ये मोजून पाहावीत. पूर्वीच्या प्रेमप्रकरणांचे आणि भांडणांचे उल्लेख, कितीही गमतीदार असले तरी, नकोत. पूर्ण मजकूर छापील असावा, सभेने उभे केव्हा राहायचे आणि बसायचे केव्हा हे तिने सांगावे, आणि वधूवर एकमेकांना स्वीकारतात त्या क्षणी तिने बाजूला सरकावे, नाहीतर प्रत्येक छायाचित्रात दोघांच्या मध्ये तीच दिसते.

प्रश्न : आमची दोन घरे दोन वेगळ्या धर्मांची आणि दोन वेगळ्या भाषांची आहेत. एका विधीत दोन्ही कसे बसवावे?

उत्तर : दोन्ही विधी पूर्णपणे एकामागोमाग एक करण्याचा मोह होतो. वेळ आणि बळ असेल तर तो प्रामाणिक मार्ग आहे, परंतु त्यात प्रत्येक घर दुसऱ्याच्या विधीच्या वेळी प्रेक्षक होऊन बसते. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही परंपरांतून थोडे थोडे वेचून एक नवा विधी बांधणे. येथे सावध राहावे. ज्या मंत्राला, प्रार्थनेला किंवा कृतीला त्या त्या धर्मात संस्काराचे स्थान आहे ती संदर्भातून काढून शोभेसाठी वापरली, तर श्रद्धावान माणसे दुखावतात, आणि त्यांचे दुखावणे रास्त असते. त्या धर्माच्या जाणत्या व्यक्तीला विचारल्याशिवाय असे काही घेऊ नये. काही धर्मगुरू दुसऱ्या धर्माच्या विधीत भाग घेण्यास नकारही देतील, आणि तो नकार शांतपणे स्वीकारावा. मला सर्वांत टिकाऊ वाटते ते असे, की मधला भाग, म्हणजे संमती आणि वचने, दोघांचा समान आणि आपल्या शब्दांतला असावा, आणि त्याच्या आधी व नंतर प्रत्येक घराने आपल्या परंपरेतला एकेक आशीर्वाद आपल्या भाषेत द्यावा.

भाषेसाठी प्रत्येक वाक्याचा लगेच अनुवाद करत बसू नये. विधी दुप्पट लांबतो आणि कोणालाच लय सापडत नाही. दोन्ही भाषांतला मजकूर छापून प्रत्येकाच्या हाती द्यावा. वचन मात्र प्रत्येकाने जोडीदाराच्या भाषेत एकदा तरी म्हणावे, मोडके म्हटले तरी चालेल. सभेत ऐकू न येणारे कोणी असतील तर सांकेतिक भाषेचा दुभाषा वधूवरांच्या शेजारी, उजेडात उभा करावा, कोपऱ्यात नव्हे.

प्रश्न : विधीत किती गाणी आणि कवितावाचने असावीत?

उत्तर : अर्ध्या तासाच्या विधीत दोन. वाचणाऱ्याला तो मजकूर का निवडला हे माहीत असावे आणि त्याने तो आधी मोठ्याने वाचून पाहिलेला असावा. नातेवाइकांना मान द्यायचा म्हणून वाचने वाढवू नयेत. मान देण्यासाठी साक्षीदाराची सही अधिक मोलाची आहे.

प्रश्न : सर्व तयारी झाली आहे, पण ऐन वेळी मी शब्द विसरेन किंवा चुकेन, या भीतीने झोप लागत नाही.

उत्तर : 1981 मध्ये जगभर कोट्यवधी लोक दूरचित्रवाणीवर पाहत असताना डायना यांनी वराच्या नावांचा क्रम चुकवून ‘फिलिप चार्ल्स’ असे म्हटले, आणि चार्ल्स यांचेही वचनातले शब्द चुकले. विधी पुढे चालू राहिला आणि लग्न लागले. चूक झाली तर थांबावे, श्वास घ्यावा आणि ते वाक्य पुन्हा म्हणावे. कायद्याला लागणारे वाक्य असेल तर अधिकारी ते स्वतःच पुन्हा म्हणवून घेतो.

तयारी म्हणून वचन उभे राहून, मोठ्याने, रोज एकदा वाचावे, पण पाठ करू नये. पाठ केलेले विसरण्याची भीती असते, वाचून म्हणायचे असले की ती उरत नाही. विधीच्या जागी आदल्या दिवशी एकदा रंगीत तालीम करावी : कोण कोठून येणार, माइक कोणाच्या हाती असणार, अंगठ्या किंवा हार कोण सांभाळणार, वारा असेल तर कागद कोण धरणार. वचने मात्र तालमीत म्हणू नयेत, ती त्या दिवसासाठी ठेवावीत. वचनाच्या कागदाच्या दोन प्रती काढून एक लग्न लावणाऱ्या व्यक्तीजवळ आणि एक ज्याचा हात थरथरणार नाही अशा भावाजवळ किंवा बहिणीजवळ द्यावी.